बाळगायला मुभा, विकायला परवाना: न्यूयॉर्कमधील गांजाच्या दुकानांचा पेच

२०२३ साली मॅनहॅटनमधील एखाद्या गजबजलेल्या रस्त्याने चालत गेलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटांत गांजाची तीन-चार दुकाने सहज दिसत असत. काचेवर हिरव्या निऑन दिव्यांचे पान, आत मांडलेल्या काचेच्या चिलमी, लहान मुलांच्या चॉकलेट-गोळ्यांची हुबेहूब नक्कल करणारी पाकिटे आणि गिऱ्हाइकाचे वय विचारण्याच्या फंदात न पडणारा, गल्ल्यावर बसलेला विक्रेता, असे त्यांचे साधारण रूप होते. नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटे, येथे गांजा कायदेशीर झाला आहे, म्हणजे ही दुकानेही कायदेशीरच असणार. प्रत्यक्षात त्या वर्षाच्या सुरुवातीस शहराच्या शेरीफ कार्यालयाच्या अंदाजानुसार न्यूयॉर्क शहरात अशी सुमारे १,५०० विनापरवाना दुकाने होती, आणि परवाना असलेली दुकाने एका हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतकी होती.

कायदा झाला, तरी बेकायदा दुकानेच का वाढली, हा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर प्रथम ‘गांजा कायदेशीर झाला’ हे वाक्य सोडवून पाहावे लागते. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत: गांजा जवळ बाळगणे व ओढणे, तो पिकवणे, आणि तो विकणे. न्यूयॉर्क राज्याने यांतील पहिल्या गोष्टीला ३१ मार्च २०२१ रोजी, कायद्यावर गव्हर्नरची सही होताच, मोकळीक दिली. तिसऱ्या गोष्टीची पहिली कायदेशीर सुरुवात २९ डिसेंबर २०२२ रोजी झाली. मधल्या एकवीस महिन्यांत राज्यातील प्रौढ माणसाला तीन औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम, गांजा खुशाल खिशात ठेवता येत होता. मात्र तो विकत घेण्याची एकही कायदेशीर जागा त्याच्यासाठी नव्हती. या लेखातील बहुतेक सर्व गोंधळाचे मूळ या एकवीस महिन्यांत आहे.

पहिली मोकळीक इतक्या घाईने का दिली, यालाही कारण होते. न्यूयॉर्कमध्ये १९७७ सालापासूनच थोडा गांजा खासगीत बाळगणे हा किरकोळ दंडाचा विषय होता. तो ‘लोकांना दिसेल असा’ बाळगणे मात्र फौजदारी गुन्हा होता. या एका शब्दप्रयोगाचा रस्त्यावर काय उपयोग झाला, ते पाहण्यासारखे आहे. पोलीस एखाद्या तरुणाला अडवत आणि खिसे रिकामे करायला सांगत. तो सांगितल्याप्रमाणे खिशातली पुडी बाहेर काढी, आणि बाहेर काढताच ती ‘लोकांना दिसेल अशी’ झालेली असे. २०११ साली एकट्या न्यूयॉर्क शहरात अशा किरकोळ गुन्ह्यांसाठी सुमारे ५०,००० अटका झाल्या, आणि अटक झालेल्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुणांचे प्रमाण फारच मोठे होते. त्याच वर्षी पोलीस आयुक्त रेमंड केली यांना ‘पोलिसांच्या सांगण्यावरून बाहेर काढलेली पुडी लोकांना दिसणारी मानू नये’ असा लेखी आदेश काढावा लागला. २०२१ च्या कायद्यामागे हा सगळा इतिहास होता. जुन्या शिक्षा अभिलेखातून पुसून टाकाव्यात, कराच्या उत्पन्नातील ४० टक्के रक्कम या कारवायांची झळ सोसलेल्या वस्त्यांवर खर्च व्हावी, आणखी ४० टक्के शिक्षणावर व उरलेली २० टक्के व्यसनमुक्ती आणि जनजागृतीवर जावी, आणि निम्मे परवाने सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित गटांना मिळावेत, असे त्यात ठरवले होते.

हेतू चांगलाच होता. अंमलबजावणी मात्र ‘आधी कळस, मग पाया’ या थाटाची झाली. कायदा झाल्यावर पाचच महिन्यांत गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना वेगळ्याच प्रकरणात राजीनामा द्यावा लागला, आणि तोपर्यंत परवाने देणारे नियामक मंडळ नेमलेच गेलेले नव्हते. त्यांच्यामागून आलेल्या कॅथी होकल यांनी ते नेमले. पुढे मंडळाने ठरवले की दुकानांचे पहिले परवाने अशाच लोकांना द्यायचे, ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या आईवडील, जोडीदार अथवा मुलांना न्यूयॉर्क राज्यात गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे आणि ज्यांनी निदान दोन वर्षे नफ्यात चाललेल्या एखाद्या व्यवसायात भागीदारी केली आहे. शिक्षा भोगलेला आणि तरीही ताळेबंदात नफा दाखवू शकणारा माणूस मिळणे अशक्य नाही, पण असे लोक थोडे असतात. काही परवाने कैदेतून सुटलेल्यांना मदत करणाऱ्या सेवाभावी संस्थांसाठीही ठेवले होते. दुकानांची जागा आणि भांडवल उभे करण्यासाठी २० कोटी डॉलरचा निधी जाहीर झाला. त्यात राज्याचा वाटा ५ कोटींचा होता आणि उरलेला पैसा खासगी गुंतवणूकदारांकडून यायचा होता. तो वेळेवर आला नाही.

त्यानंतर न्यायालये आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, पहिले ३६ परवाने मंजूर होत असतानाच, बाहेरच्या राज्यात शिक्षा झालेल्या एका अर्जदाराच्या दाव्यावरून फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयाने ब्रुकलिनसह पाच विभागांतील परवाने रोखले. ऑगस्ट २०२३ मध्ये, कायद्याने आम्हालाही प्राधान्य दिले होते असे म्हणणाऱ्या अपंग माजी सैनिकांच्या दाव्यात राज्याच्या न्यायालयाने नव्या दुकानांना स्थगिती दिली. ती तडजोडीने उठेपर्यंत ते वर्ष संपत आले. इकडे शेतकऱ्यांची गत त्याहून वाईट झाली. दोनशेहून अधिक शेतकऱ्यांना २०२२ च्या हंगामातच लागवडीचे परवाने मिळाले होते. त्यांनी कर्ज काढून पीक घेतले, कापले, सुकवले आणि पाहिले, तर बाजारात दुकानेच नाहीत. सुकवलेला गांजा ठेवून ठेवून चांगला होत नाही. त्याचा वास जातो, जोर उतरतो आणि भाव पडतो. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने त्यांना शेतकरी बाजारासारखे तात्पुरते विक्रीमेळे भरवण्याची परवानगी दिली. आपल्याकडच्या टोमॅटो-कांद्याच्या शेतकऱ्याला ही कथा फारशी परकी वाटणार नाही.

जी गोष्ट बाळगणे गुन्हा नाही, जिला मागणी आहे आणि जिची कायदेशीर विक्री सुरू झालेली नाही, ती कोणीतरी विकणारच. महासाथीनंतर शहरात रिकामे गाळे भरपूर होते आणि गाळ्यांचे मालक भाडेकरूंच्या शोधात होते. सुरुवातीला काही दुकानदारांनी पळवाटाही काढल्या. एक स्टिकर चाळीस-पन्नास डॉलरला विकायचा आणि त्यासोबत गांजा ‘भेट’ द्यायचा, किंवा ‘सभासदत्वाची वर्गणी’ घेऊन सभासदाला माल द्यायचा. नियामक कार्यालयाने या दोन्ही युक्त्या बेकायदा असल्याचे स्पष्ट करून फेब्रुवारी २०२२ पासून नोटिसा धाडल्या, आणि जुलैमध्ये ५२ दुकानांची नावे जाहीर केली. नोटिसांनी कोणी घाबरले नाही. टाइम्स स्क्वेअरच्या आसपास गांजाच्या जाहिराती मिरवत उभ्या असणाऱ्या गाड्या शहराने ऑगस्ट २०२२ मध्ये ओढून नेल्या खऱ्या, पण त्या पार्किंगच्या थकलेल्या दंडासाठी. कारवाईचे हत्यार किती बोथट होते, हे सांगायला हा एकच प्रसंग पुरेसा आहे.

पोलिसांनी सरळ टाळे का ठोकले नाही, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येतो. विनापरवाना विक्री बेकायदा होती, पण अटकसत्र संपवण्यासाठीच केलेल्या कायद्यात दुकान झटपट बंद करण्याची तरतूद कोणी घातली नव्हती. नियामक कार्यालयाकडे निरीक्षक मोजके होते, शहराच्या शेरीफला माल जप्त करून दंड लावता येई, आणि दुकानदार तो दंड धंद्याचा एक खर्च समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा शटर वर करी. फेब्रुवारी २०२३ मध्ये मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील ॲल्विन ब्रॅग यांनी सुमारे ४०० दुकानांना पत्रे पाठवून गाळ्यांच्या मालकांकरवी त्यांना बाहेर काढण्याचा मार्ग पत्करला. मे २०२३ मध्ये राज्याने दिवसाला २०,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. दंडाचा आकडा मोठा होता, पण तो वसूल कसा होणार, हा प्रश्न तसाच राहिला, कारण दुकान एका कंपनीच्या नावावर, गाळा दुसऱ्याच्या आणि गल्ल्यावर तिसराच, अशी व्यवस्था असे.

खरा फरक एप्रिल २०२४ मध्ये पडला. राज्याच्या अर्थसंकल्पासोबत आलेल्या दुरुस्तीने स्थानिक प्रशासनाला दुकान तपासून तेथल्या तेथे सील करण्याचा अधिकार दिला, आणि महापौर एरिक ॲडम्स यांनी मे महिन्यात ‘ऑपरेशन पॅडलॉक टू प्रोटेक्ट’ या नावाने मोहीम उघडली. काही महिन्यांत हजाराहून अधिक दुकानांना कुलपे लागली. बेकायदा दुकाने बंद झालेल्या भागांत परवानाधारक दुकानांची विक्री वाढली, आणि २०२४ संपता संपता राज्यातील कायदेशीर विक्रीचा एकूण आकडा १ अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. तरीही हे प्रकरण एकतर्फी नाही. सील ठोकल्यानंतर दुकानदाराला शहराच्या प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे सुनावणी मिळे. पण सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने सील काढावे असे म्हटले, तरी अंतिम निर्णय सील ठोकणाऱ्या शेरीफचाच असे. ज्याने कुलूप लावले त्यानेच ते योग्य होते की नाही हे ठरवायचे, ही रचना घटनेतील रीतसर सुनावणीच्या हक्काशी विसंगत आहे, असे ऑक्टोबर २०२४ मध्ये क्वीन्समधील एका न्यायाधीशांनी म्हटले आणि शहर अपिलात गेले. बेकायदा दुकान बंद व्हावे असे मनापासून वाटणाऱ्यालाही, निदान मला तरी, हा आक्षेप बिनतोड वाटतो.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहू. कायदेशीर दुकानाच्या खिडकीत किंवा दारावर राज्याचा क्यूआर कोड असलेला शिक्का असतो, दारातच ओळखपत्र पाहिले जाते, मालाची प्रयोगशाळेत तपासणी झालेली असते आणि पाकिटावर टीएचसी, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचे, प्रमाण छापलेले असते. विनापरवाना दुकानातील मालाबाबत यांतील काहीच खात्रीचे नसते. २०२२ मध्ये वैद्यकीय गांजा विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने शहरातील २० बेकायदा दुकानांतून माल विकत घेऊन तपासला, तेव्हा सुमारे ४० टक्के नमुन्यांत ई-कोलाय, साल्मोनेला किंवा शिशासारखे घातक दूषित घटक सापडले. तपासणी करवणाऱ्यांचा या निष्कर्षात व्यापारी स्वार्थ होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. पण उलट बाजूने कोणी तपासणी करून ‘माल शुद्ध आहे’ असे दाखवायला पुढे आले नाही, हेही लक्षात ठेवावे.

मग गिऱ्हाईक बेकायदा दुकानात का जाते? जवळ असते म्हणून, आणि स्वस्त असते म्हणून. परवानाधारकाकडे १०० डॉलरचा माल घेतला, तर राज्याचा ९ आणि स्थानिक ४ टक्के मिळून ११३ डॉलर द्यावे लागतात. शिवाय २०२४ पासून घाऊक पातळीवर आणखी ९ टक्के कर असतो, तो किमतीत आधीच मुरलेला असतो. परंतु दुकानदाराचे कंबरडे मोडले ते फेडरल आयकराच्या ‘२८०-ई’ या कलमाने. त्याचा जन्म मजेशीर आहे. १९८१ साली मिनियापोलिसमधील एका अंमली पदार्थ विक्रेत्याने आपल्या धंद्यातील तागडी, पुड्या बांधण्याचे साहित्य, फोन आणि गाडीचा खर्च आयकरातून वजा करून मागितला, आणि कर न्यायालयाने तो बराचसा मान्यही केला. संसदेने संतापून १९८२ मध्ये कलम घातले की, पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या याद्यांतील, अंमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला मालाच्या खरेदीखेरीज कोणताच खर्च वजा करता येणार नाही. १९७० च्या फेडरल कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत घातलेला असल्याने हे कलम राज्याचा परवाना घेतलेल्या दुकानालाही लागू झाले.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. समजा, दुकानाने १०० डॉलरची विक्री केली आणि माल ६० डॉलरला घेतला होता. उरलेल्या ४० डॉलरमधून भाडे, पगार, वीज, सुरक्षारक्षक यांवर ३५ गेले. हातात ५ राहिले. किराणा दुकानाच्या कंपनीला या ५ डॉलरवर २१ टक्के, म्हणजे साधारण १ डॉलर कर पडेल. गांजाच्या परवानाधारकाला मात्र पूर्ण ४० डॉलरवर कर, म्हणजे ८ डॉलर ४० सेंट. नफा ५ आणि कर साडेआठच्या घरात. विनापरवाना दुकानदारालाही कागदोपत्री हेच कलम लागते. फरक इतकाच की तो कागदच भरत नाही.

या फेडरल कायद्यामुळेच अमेरिकेतील मराठी मंडळींनाही हा विषय दुरून पाहण्याचा राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये अथवा शेजारच्या न्यू जर्सीत, जिथे एप्रिल २०२२ पासून प्रौढांसाठी विक्री सुरू आहे, राज्याचा कायदा काहीही म्हणो, व्हिसा आणि नागरिकत्व हे विषय फेडरल सरकारच्या हातात आहेत. गांजाचा वापर राज्यात कायदेशीर असला तरी तो नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या नैतिक वर्तणुकी’च्या आड येऊ शकतो, असे एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व विभागाने लेखी स्पष्ट केले. त्यात परवानाधारक दुकानातील नोकरीही आली. शिक्षणासाठी गेलेल्या मुलाने विमानतळावर अधिकाऱ्यासमोर सहज बोलता बोलता दिलेली कबुलीसुद्धा, गुन्हा सिद्ध झालेला नसताना, प्रवेश नाकारण्यास कारण ठरू शकते. आणि गांजाच्या त्या गोड गोळ्यांचे पाकीट सुट्टीत घरी येताना बॅगेत राहिले, तर मुंबईच्या विमानतळावर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायदा उभा असतो. तेथे न्यूयॉर्कच्या पावतीला काही किंमत नाही.

गांजाला परवाना देऊन कर लावावा की बंदी घालावी, हा वाद आपल्याला नवा नाही, हेही येथे नमूद करायला हवे. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने हिंदुस्थानभर साक्षी नोंदवून सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही आणि सरसकट बंदी समर्थनीय नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. लागवड परवान्याखाली मोजक्या क्षेत्रात एकवटावी, पुरेसा कर लावावा, दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी आणि एका माणसाने किती बाळगावे यावर मर्यादा असावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. न्यूयॉर्कच्या नियमावलीत याच चार गोष्टी दिसतात. १९८५ च्या भारतीय कायद्याने गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती केली आणि नुसती पाने व बिया तिच्यातून वगळल्या. म्हणून उत्तर प्रदेशात किंवा राजस्थानात भांगेचे सरकारमान्य ठेके चालतात आणि गांजा बाळगणारा तुरुंगात जातो. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याने भांगेलाही मादक द्रव्य म्हणून बांधून ठेवले आहे.

आजचा वाद मुख्यतः ‘गांजा चांगला की वाईट’ असा राहिलेला नाही. एक पक्ष म्हणतो, विनापरवाना दुकाने कठोरपणे बंद केल्याखेरीज कायदेशीर बाजार उभाच राहू शकत नाही, कारण नियम पाळणारा नेहमी महाग पडतो. दुसरा म्हणतो, बंद दुकानांचे चालक पुष्कळदा अलीकडे आलेले स्थलांतरित किंवा वर्षानुवर्षे रस्त्यावर विकणारेच आहेत. ज्यांच्या नावाने हा कायदा केला, त्यांच्याच दारात पुन्हा शेरीफ उभा करणे योग्य नाही, त्यांना परवान्याच्या आत आणा. मला दोन्हींत तथ्य दिसते, पण दोघेही एक गोष्ट मागे ठेवतात. परवान्यांची रांग वेळेवर हलली असती, तर टाळे ठोकण्याजोगी दुकाने मुळात इतकी उभी राहिली नसती. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियमन करणारा सर्वंकष कायदा केलाच नाही. हजारो दुकाने उघडली, तीन वर्षांनी सरकारला वैद्यकीय चिठ्ठीची अट घालावी लागली, आणि बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून ‘हायड्रोपोनिक वीड’ पकडल्याच्या बातम्या मुंबईकरांच्या रोजच्या वाचनात आल्या. टोरंटोमध्ये २०१९ साली पालिकेने एका बेकायदा साखळीच्या दुकानांच्या दारांत काँक्रीटचे अजस्र ठोकळे आणून ठेवले. काही काळ विक्री दारासमोरच्या पदपथावर चालू राहिली.

न्यूयॉर्कच्या परवानाधारकांची परीक्षा बेकायदा दुकानांना टाळे लागल्यानंतरही संपली नाही. कायद्यानुसार गांजाचे दुकान शाळेपासून ५०० फूट दूर असावे लागते. जुलै २०२५ मध्ये नियामक कार्यालयाने शंभराहून अधिक परवानाधारकांना कळवले की हे अंतर मोजण्यात चूक झाली होती. कार्यालय शाळेच्या दारापासून मोजत आले होते, कायद्याला अभिप्रेत होती शाळेच्या आवाराची हद्द. चूक कार्यालयाची होती. दुकानदारांनी जागा कार्यालयालाच दाखवून, मंजूर करून घेऊन, लाखो डॉलर त्यांत ओतले होते. आणि आता परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दुकान हलवावे लागेल की काय, या विवंचनेत ते पडले. विनापरवाना दुकानांचे अंतर या सर्व वर्षांत कोणी फूटपट्टी घेऊन मोजलेच नव्हते.